सरकीचा खुराक आणि माझी अब्रू

मित्रांनो, मी एक म्हातारा बोकड आहे. नाक मुरडू नका. माझ्या अंगाला वास येतो हे मला ठाऊक आहे, आणि तरुणपणी तर मला त्याचा अभिमान होता.

माझा जन्म याच गोठ्यात झाला. पाचव्याच दिवशी मी पाण्याच्या बादलीत पडलो आणि काकूंनी मला मागचे पाय धरून बाहेर काढले. काकू म्हणजे या गोठ्याच्या मालकीणबाई. काका म्हणजे त्यांचे यजमान. घरोघरी दूध पोचवणे हे त्यांचे काम. मोठा झाल्यावर बारा शेळ्यांत मी एकटाच बोकड ठेवला गेलो. माझे नाव सरदार. दरवर्षी गोठ्यात वीसएक करडे उड्या मारत. शेजारीपाजारी म्हणत, "बापावर गेलीत." मी ऐकलेच नाही असे दाखवून दुसरीकडे बघत असे आणि कान मात्र तिकडेच ठेवत असे.

काकूंची एक रीत होती. कपाशीचे बी, म्हणजे सरकी, त्यांनी आम्हाला कधी कच्ची घातली नाही. ती रात्रभर भिजवायची, पातेल्यात तासभर उकळायची, गार करायची आणि प्रत्येकाला मूठभर द्यायची. का, ते कोणी विचारले नाही. त्यांची आई असे करायची म्हणून त्याही करत.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी काकू गावाला गेल्या. लेकीला जुळे झाले आणि मुक्काम लांबला. गोठा काकांच्या हाती आला. काका प्रेमळ माणूस, पण त्यांच्या प्रेमाला वजनकाटा नाही.

"उकळून सगळी ताकद पाण्यात जाते," ते मला म्हणाले. "तुला काय दात नाहीत?"

दात होते. रोज एक पाटी कच्ची सरकी माझ्यापुढे येऊ लागली, आणि तीही फक्त माझ्यापुढे. शेळ्यांना नुसता चारा. खोटे कशाला बोलू, मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. शेळ्या माझ्याकडे बघत तेव्हा मी जरा मोठ्यानेच चावत असे.

पण त्या हंगामात एकही शेळी गाभण राहिली नाही. दर तीन आठवड्यांनी त्या परत माझ्याकडे येत आणि तशाच परत जात. काकांनी निदान केले: सरदार अशक्त झाला. उपाय म्हणून पाटीच्या दोन पाट्या झाल्या. मीही चाटूनपुसून खात राहिलो. जे दुखण्याचे मूळ होते तेच औषध म्हणून पोटात जात होते. चढण चढताना मला धाप लागू लागली. सगळ्यांत थोरली शेळी, जिला माझ्यापासून सहा वेळा करडे झाली होती, ती मला बघून तोंड फिरवू लागली. मला फार लाज वाटायची.

करडे नाहीत म्हणजे दूध नाही. काकांचा कॅन अर्ध्यावर आला, मग तळाला गेला. काकूंचा फोन आला की ते "सगळं बरं आहे" म्हणत आणि फोन ठेवून माझ्याकडे बघत बसत.

एके दिवशी त्यांनी खाटकाला बोलावले. त्याने माझी पाठ दाबून पाहिली.

"चरबी चांगली आहे. पण म्हातारा आहे, वातड निघेल," तो म्हणाला.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ही म्हण तुम्ही शाळेत पाठ केली असेल. मी ती समोरासमोर ऐकली. शनिवारी येतो असे सांगून तो गेला. माझ्या तोंडचे पाणी पळाले.

नवा बोकड आणण्याआधी शेळ्या तपासून घ्याव्यात म्हणून शुक्रवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. शेळ्या ठणठणीत निघाल्या. मग त्यांची नजर माझ्या पाटीवर गेली.

"काका, ही कच्चीच घालता?"

"रोज दोन पाट्या. हात आखडता घेतला नाही मी."

बाईंनी एक दाणा नखाने फोडला. आत बारीक काळे ठिपके होते.

"या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. किडीनं खाऊ नये म्हणून कपाशी ते स्वतःच तयार करते. थोडं असलं तर याच्या पोटातले जंतू त्याला बांधून टाकतात. दोन पाट्यांपुढे ते तरी काय करतील? शिजवलं की ते बरंचसं प्रथिनांना चिकटून बसतं, मग फारसं बाधत नाही. कच्चं भरपूर गेलं की नराला पिल्लं होत नाहीत."

काकांनी पाटी ओढून बाजूला केली. "म्हणजे मीच घातलं?"

"माणसांनीही घेऊन पाहिलंय. पुरुषांसाठी मूल न होण्याची गोळी करणार होते याची. पण काहींचं रक्तातलं पोटॅशियम घसरलं, काहींना गोळी सोडूनही मूल झालंच नाही, म्हणून सोडून दिलं. आता कॅन्सरच्या गाठींवर चालतं का, ते तपासतायत. अजून काही पक्कं नाही."

म्हणजे एवढ्या मोठ्या संशोधनात मीही होतो, फक्त मला कोणी सांगितले नव्हते.

"हा सुधारेल?" काकांनी विचारले.

"सरकी बंद करा. दोन-तीन महिन्यांत बहुतेक सुधारेल. खात्री देत नाही."

त्या संध्याकाळी काकांनी काकूंना फोन करून सगळे खरे सांगितले. पलीकडून काकूंचा आवाज थेट गोठ्यापर्यंत ऐकू आला. "अहो, पातेलं चुलीवर ठेवायचं, एवढंच तर काम होतं."

शनिवारी खाटीक दोरी घेऊन आला. काका दारात उभे राहिले.

"नाही देत."

"दूध आटलंय म्हणालात ना?"

"आटलंय. पण चूक माझी आहे, त्याची नाही."

मित्रांनो, पुढचे कित्येक महिने घरात चहा बिनदुधाचा झाला आणि काकांनी तो तोंड वाकडे न करता प्यायला. तीन महिन्यांनी एक शेळी गाभण राहिली, पाठोपाठ आणखी सात. त्यानंतर पाच महिन्यांनी पहिले करडू झाले तेव्हा काकू परत आल्या होत्या. ते पुसून कोरडे होण्याआधीच काकांनी उचलून माझ्यापुढे धरले. त्यांचे डोळे भरले होते.

"हे बघ, तुझं," ते म्हणाले. "मला वाटलं, भरपूर घातलं म्हणजे सांभाळलं."

अति तेथे माती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. उपाशी जनावराची दया सगळ्यांना येते, जास्त भरवलेल्याची कोणाला येत नाही. म्हणून एवढेच मागतो: आमच्यावर माया करा, पण काही घालण्याआधी जाणत्याला विचारा. आम्ही विचारू शकत नाही. पुढ्यात येईल ते आम्ही खातो, कारण घालणारा हात आमच्या ओळखीचा असतो.