मॅडम, फोटो घेतला तर चालेल?

माझ्या बायकोच्या दंडाकडं बघणाऱ्या माणसांचं काय करायचं, हे मला चांगलं कळायचं. कोण टक लावून बघायला लागला की मी त्याच्याकडं दुप्पट टक लावून बघायचो. कोण "दाब बघू जरा, खरे हायत काय" म्हणत बोट पुढं करायला लागला, की ते बोट मी मध्येच धरायचो. वडगावच्या बसस्टॉपवर एकाचं मनगट असं धरलं, की तो आठवडाभर डाव्या हातानं जेवत होता म्हणे. असल्यांची मला कधी काळजी वाटली नाही. माझी झोप उडवली ती निपाणीच्या यशपाल सरनं, कारण त्याच्यात हाणण्यासारखं काहीच नव्हतं.

पहिल्यांदा तो भेटला कॅम्पातल्या एका हॉटेलात. मी पुरीभाजी खात होतो. माझी बायको मनिषा घरचा डबा उघडून उकडलेली अंडी आणि बीन्स खात होती. बॉडीबिल्डिंगची स्पर्धा जवळ आली की तिला बाहेरचं मीठसुद्धा चालत नाही. काउंटरपाशी एक सडपातळ माणूस उभा होता. आमच्याकडं बघायचा, लगेच नजर वळवायचा, भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा. पंधरा मिनिटं तो तसाच उभा राहिला. मनिषानं डब्याला झाकण लावलं, हात पुसले, तेव्हा कुठं तो आला. तोही एक टेबल मध्ये ठेवून थांबला.

"मॅडम, जेवण झालं असंल तर एक मिनिट बोलू काय? नको असंल तर तसं सांगा."

"बोला की," मनिषा म्हणाली.

"मी यशपाल. निपाणीला हायस्कुलात पीटी शिकवतो. हुबळीच्या स्पर्धेत तुमच्या शेवटच्या पोझला गाणं मध्येच बंद पडलं. तरी तुम्ही जागच्या हलला न्हाईत. आमच्या शाळेतल्या पोरींना मी ते रोज सांगतो." मग जरा थांबून म्हणाला, "मॅडम, फोटो घेतला तर चालेल?"

ती हो म्हणाली. त्यानं वळून फोन माझ्या हातात दिला. "अण्णा, जरा काढता काय?"

मी साईनाथ. दोन हजार आठ सालचा 'वडगाव श्री'. माझे बॅनर चौकात लागले होते, पोरं माझ्या पाया पडायची. आणि हा मला फोटो काढायला सांगत होता. तो तिच्यापासून हातभर लांब, हात मागं बांधून, शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तसा उभा राहिला. मी मुद्दाम फोटोत त्याचं मुंडकं कापलं. त्यानं फोटो बघितला, "मॅडम छान आल्यात" म्हणाला, दोघांचे आभार मानले आणि गेला.

"माणूस चांगला हाय," मनिषा म्हणाली. वडगावला पोचेपर्यंत मी उगाच हॉर्न वाजवत होतो.

मनिषाला मी घडवली, हे आधी सांगतो. लग्न होऊन आली तेव्हा त्रेचाळीस किलोची होती. खाली आमचे यंत्रमाग, वर माझी जिम. सुताची पेटी उचलताना तिला धाप लागायची. पहिला पुलअप मारताना तिची कंबर मी धरली होती. आता ती राज्यात पहिली आलेली, आणि माझे गुडघे गेलेले, पोट शर्टाच्या बटणांशी भांडणारं. माझ्याकडं एकच काम राहिलं होतं. स्पर्धेच्या दिवशी स्टेजमागं तिच्या पाठीला रंग लावायचा. त्या रंगाशिवाय दिव्याखाली स्नायू दिसत नाहीत, आणि आपल्या पाठीला आपला हात पोचत नाही. म्हणून स्पर्धेच्या फॉर्मवर मदतनिसाच्या नावासाठी एक ओळ असते. एकच.

इंदूरच्या नॅशनलचा फॉर्म आठवडाभर फ्रिजवर पडून होता आणि ती ओळ रिकामी होती. कारण हुबळीला मी स्टेजमागं एका फोटोग्राफरची कॉलर धरली होती, आणि मनिषाला त्या गोंधळातून थरथरत स्टेजवर जावं लागलं होतं. "परत असा तमाशा केलासा, तर मी अक्काताईला घिऊन जाईन," तिनं बजावलं होतं. अक्काताई माझी थोरली बहीण. सकाळी माग चालू व्हायच्या आधी दोघी मिळून व्यायाम करतात. रंग कसा लावायचा ते मनिषानं तिला शिकवूनसुद्धा ठेवलं होतं. त्या एका ओळीवर माझा जीव टांगणीला लागला होता. ती ओळ गेली तर मनिषाच्या जगात मी कोण? घरवाला, बस्स.

आणि हा यशपाल सर! जाईल तिथं हजर. टिळकवाडीत जिमच्या उद्घाटनाला आला, तर शेवटच्या रांगेत. ती राज्याचं मेडल घेऊन विमानानं आली, तेव्हा सांबऱ्याच्या विमानतळावर आठ पोरी घेऊन आला. पोरींनी एकेक करून विचारलं, फोटो काढले, हा मागं उभा. तेवढ्यात एका जाड्या माणसानं सेल्फीसाठी मनिषाच्या खांद्यावर हात टाकला. मी मनगट धरायला पुढं सरकलो, पण माझ्या आधी यशपाल सर बोलला.

"दादा, आधी मॅडमना विचारा. आणि हात खाली घ्या."

आवाज चढवला नाही, काही नाही. आणि त्या जाड्यानं हात खाली घेतला, वर सॉरी म्हणाला! जे मी पंधरा वर्षं मनगटं पिरगाळून करत होतो, ते यानं तोंडानं केलं. मनिषानं त्याच्याकडं बघून मान हलवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी आल्यावर मी म्हणालो, "गोड बोलणाऱ्याच्या पोटात काय असतंय, ते तुला कळणार न्हाय."

"अवो, बाईला सगळं कळतंय," ती डंबेल जागेवर ठेवत म्हणाली. "कोण कुठं बघतंय, किती येळ बघतंय, जवळ येताना हात कुठं असतोय. त्या माणसाला माझं काम आवडतंय. तुमाला त्यात काय टोचतंय?"

ती आंघोळीला गेल्यावर मी तिचा फोन बघितला. वर्षभरात त्याचे तीन मेसेज. तिन्हींत तेच. अमक्या दिवशी पोरींना स्पर्धा बघायला आणलं तर चालेल काय, तमक्या दिवशी शाळेत बोलवलं तर चालेल काय. एखादा गुलाब नाही, एखादं हृदय नाही. काही सापडलं असतं तर बरं झालं असतं. काहीच नाही सापडलं म्हणून मी दिवसभर मागावरच्या कामगारांवर खेकसत होतो.

मला त्याचा राग होता हे खरंच. पण त्याहून जास्त मला मनिषाचा हेवा वाटत होता, हे मी कुणापाशी बोललो नव्हतो. लोक तिच्यापाशी परवानगी मागायचे आणि माझ्याकडं फोन द्यायचे.

मग निपाणीच्या एका तालमीनं तिचा सत्कार ठेवला. रविवारी सकाळी, तालमीसमोरच्या पटांगणात. त्या तालमीत आजवर बाईला फेटा बांधला नव्हता. मनिषा आमच्या मागावरची जांभळी साडी नेसून आली, लांब बाह्यांचा ब्लाउज घालून. सूत्रसंचालन अर्थात यशपाल सरकडं. त्यानं दोरी बांधून फोटोची लाईन केली होती आणि माईकवरून सांगितलं, "मॅडमना हात लावायचा न्हाय, पोझ मागायची न्हाय. फोटो हवा असंल तर विचारायचं. लहान पोरी आधी." चारशे माणूस होतं. तंबाखूचे व्यापारी होते, पैलवान होते, कॉलेजची टारगट पोरं होती. सगळी गुमान लाईनीत. मी स्टेजवर शेवटच्या खुर्चीवर बसलो होतो.

फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मग यशपाल सर बोलला. तिचं पहाटे चारला उठणं, मीठ सोडणं, माग चालू व्हायच्या आधी व्यायाम उरकणं. सगळं त्याला माहीत. आणि शेवटी म्हणाला, "मॅडमचे यजमानही आज आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी टाळ्या."

यजमान! पंधरा वर्षांची मेहनत, आणि यजमान. टाळ्या वाजल्या, चार दोन. मी उठलो आणि त्याच्या हातातून माईक घेतला.

"यजमान न्हवं," मी म्हणालो. "वस्ताद! हिला मी घडवलीया."

आमच्याकडच्या जिममध्ये एक पद्धत आहे. सत्कार झाला की वस्ताद स्टेजवर येतो आणि चेल्याच्या पाठीवर थाप मारतो. थाप पडली की चेल्यानं शाल उतरवून पोझ द्यायची. वस्तादानं विचारायचं नसतं, चेल्यानं बोलायचं नसतं. माझे वस्ताद तम्मण्णा यांनी मला तीनदा अशी थाप मारली होती. त्या दिवशी मला तो मान हवा होता. चारशे माणसांना कळायला हवं होतं, की हे शरीर कुणाच्या हातचं आहे.

मी मनिषाच्या पाठीवर थाप मारली. "मने, दाखव."

ती हलली नाही. मी तिच्या खांद्यावरची शाल ओढली.

"नको," ती म्हणाली. हळूच म्हणाली. पण माईक माझ्या हातात होता, तिच्या तोंडापाशी. तो 'नको' चारी कर्ण्यांतून पटांगणभर गेला.

तरी मी थांबलो नाही. पद्धत आहे, असं डोक्यात घुमत होतं. मी तिचं मनगट धरलं आणि हात वर उचलला.

तेव्हा मी समोर बघितलं. लाईनीतल्या पोरींनी फोन खाली केले होते. मग पैलवानांनी केले. मग कॉलेजच्या टारगट पोरांनीसुद्धा. सगळ्या पटांगणात एकही फोन वर नव्हता. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदर तोंडावर घेऊन दुसरीकडं बघत बसली. शिट्टी नाही, हसणं नाही. मी तिचा हात वर धरून उभा होतो आणि कुणीच बघत नव्हतं.

यशपाल सर जवळ आला नाही. स्टेजच्या कडेला, होता तिथूनच, हात जोडून म्हणाला, "अण्णा, मॅडम नको म्हणाल्यात."

माझी बोटं आपोआप सुटली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि हात तर माझा नव्हताच. मनिषानं शाल उचलली, झटकली, अंगावर घेतली आणि लाईनीकडं बघून म्हणाली, "या गं पोरीनो." पाऊण तास ती फोटो देत होती. प्रत्येक पोर आधी विचारत होती. मला कुणी फोन धरायलासुद्धा सांगितलं नाही.

परतताना गाडी संकेश्वरला आली. मग मीच सुरू केलं. "आपल्यात पद्धत हाय ती. तम्मण्णा वस्ताद मला न्हवते मारत थाप?"

"तुमाला थाप पडायची, तवा तुमी शर्टाची बटणं सोडूनच बसलेले असायचा," ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "मी नको म्हणले हुते. सगळ्या निपाणीनं ऐकलं. तुमी एकट्यानं न्हाय ऐकलं."

"त्यो सर..."

"सराचं नाव घिऊ नगासा. चारशे माणसं हुती. त्यातल्या कुणालाच मी वळखत न्हाय. तरी एकानंबी फोटो काढला न्हाय. आन् मनगट धरलं ते माझ्या नवऱ्यानं."

घरी आलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. अक्काताईनं जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर मनिषानं फ्रिजवरचा फॉर्म घेतला आणि ताटं सरकवून तिथंच लिहायला बसली. मी समोर बसलो होतो. मला उलटं वाचता येत होतं. नाव, गाव, वजन, गट. मग ती त्या ओळीपाशी आली. मला वाटलं, थांबेल. ती थांबली नाही. तिनं 'अक्काताई' लिहिलं, अगदी सावकाश, प्रत्येक अक्षर नीट.

पूर्वीचा मी असतो तर फॉर्म ओढून घेतला असता. माझा हात टेबलावर होता, तिच्या मनगटापासून अर्ध्या वितीवर. मी तो मांडीवर घेतला.

"मने," मी म्हणालो. पुढचं बोलताना जीभ जड झाली, कारण शब्द त्या सराचेच आले आणि मला दुसरे येत नव्हते. "इंदूरला मी आलो तर चालेल? स्टेजमागं येत न्हाय. खाली, लोकांत बसतो."

तिनं पेनाला टोपण लावलं. बराच वेळ माझ्याकडं बघितलं. असं बघून तिला किती दिवस झाले होते, मला आठवेना.

"या की," ती म्हणाली. "तिकीट काढून या."