गच्चीवरचा जांभळा केल

बेव्हर्ली पार्कातल्या वैजयंताबाईंनी यंदा बिल्डिंगच्या गच्चीवर केल लावला. केल म्हणजे कोबीचाच भाऊ, फक्त गड्डा न धरणारा, कुरळ्या पानांचा. बियांच्या पाकिटावर फोटो गर्द जांभळा. दिवाळीनंतर रोपं तरारली, पण हिरवीच. रंग थंडीत चढतो, असं पाकिटावर लिहिलेलं, आणि इथे डिसेंबरातही पंखा चारवर!

"थंडीच पायजे ना गो? माज्याकडं बरफ हाय की," चंद्रावती म्हणाली. ही त्यांची जवळच्या मुर्धा गावातली मैत्रीण. बिल्डिंगखाली मासे विकायला बसायची. विक्री आटोपली की उरलेला बर्फ ती गच्चीवर नेऊन कुंड्यांभोवती पसरू लागली.

केल हिरवाच राहिला. बोंबलांच्या वासाने मात्र सोसायटीतली सगळी मांजरं वर आली आणि पंगतीला बसल्यासारखी एकेका कुंडीशी बसली.

सेक्रेटरी अल्पेशभाई नाकाला रुमाल लावून आले. "वैजयंताबेन, ये गार्डन है या मच्छी मार्केट?"

"केल है, भाई. फॉरेन की भाजी."

"फॉरेन की भाजी में बोंबील की बास?"

चंद्रावती पदरात तोंड लपवून हसत सुटली. वैजयंताबाईंना काही हसू येईना. त्यांनी बर्फ बंद केला, वरची माती बदलली. मांजरं रुसून गेली.

"उपटूनच टाकते आता," त्या वैतागल्या.

"ऱ्हाऊ दे गो. तुज्याकडं काय जेवायला मागतंय?"

म्हणून राहिला. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला, लोकांनी कपाटातून स्वेटर काढले. एका सकाळी शाल गुंडाळून वैजयंताबाई पाणी घालायला गेल्या, तर पानांच्या शिरा जांभळ्या! आठवड्याभरात कडाही रंगल्या. अल्पेशभाईंनी स्वतः फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि बायकोच्या मुठियांसाठी, म्हणजे पालेभाजीच्या वाफवलेल्या मुटक्यांसाठी, जुडीही मागून नेली.

उरलेली पानं चंद्रावतीने सुकट घालून कढईत टाकली. वैजयंताबाई बघतच राहिल्या. शिजता शिजता जांभळा रंग पार उडाला.

"अगं, हिरवी झाली!"

"रंग काय चाटायचाय?" चंद्रावतीने भाकरी मोडून घास घेतला. "जराशी कडू हाय. पन वाढ गो अजून."