रिपोर्ट वहिनींचा, निकाल घरच्यांचा

डॉक्टरांच्या आधी रिपोर्ट कोण वाचतं? घरातले सगळे! मंडळी, खरं सांगा, तुमच्याकडे काही वेगळं घडतं का?

शिवणकाम करणाऱ्या एका वहिनींचं असंच झालं. डोकं वारंवार दुखायचं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय करायला सांगितला. रिपोर्ट हाती पडताच दिराने मोबाइलवर एकेक शब्द शोधत तो वाचला. मेंदूकडे जाणारी एक रक्तवाहिनी बारीक आहे, एवढं कळलं आणि त्याने धावत जाऊन भावाला सांगितलं.

"बारीक दोरा ताण पडला की तुटतो," नवरा म्हणाला. शिंप्याचंच घर ते, दुसरं काय सुचणार! "आजपासून तुझं मशीन बंद."

"अहो, गिऱ्हाइकांचे कपडे अर्धवट पडलेत!"

"जीव मोठा की कपडे?"

बिचारा मायेपोटीच बोलला. पण लग्नाआधीपासून मशीन चालवणारी बाई हातावर हात ठेवून बसली. मशीन भाचीला देऊन टाकायचंही दोघा भावांनी ठरवलं. वहिनी आतल्या आत रडल्या.

दुसऱ्या दिवशी तिघंही दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं.

"ही वाहिनी बारीक, पण तिची जोडीदार चांगली रुंद आहे. पुढे दोघी एकत्र मिळतात, त्यामुळे रक्त पुरेसं पोचतंय. ही जन्मापासूनची ठेवण आहे, पुष्कळांची असते. कुठे फुगवटा नाही, अडथळा नाही."

"पण ताण पडून तुटली तर?" नवऱ्याने विचारलं.

"अहो, रक्तवाहिनी आहे ती, रिळाचा दोरा नव्हे!" बाई हसल्या. "ही डोकेदुखी अर्धशिशीची आहे, औषध देते. मात्र अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर चर्चा करत बसू नका. ताबडतोब इथे आणा."

"मग मी मशीनवर बसू?" वहिनींनी हळूच विचारलं.

"बसा की! बंद कुणी केलं?"

दीर खाली बघू लागला.

"मी," नवरा म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "चुकलंच माझं! डोकं हिचं, आणि हिला न विचारताच मी सगळं ठरवून मोकळा झालो. मशीन कुठेही जाणार नाही."

वहिनींनी डोळे पुसले आणि घरची वाट धरली. त्या इतक्या भरभर निघाल्या की दोघा भावांना मागून पळावं लागलं.

तेव्हा मंडळी, रिपोर्ट जरूर वाचा, पण त्याचा अर्थ डॉक्टरांना विचारा. आणि ज्याच्या आयुष्याचा निर्णय घ्यायचाय, त्याला सगळ्यात आधी विचारा!