रोंगोची फांदी

प्रशांत महासागरातल्या आटिऊ बेटावर कुळाचा मेळावा ठरला, की आधी झग्यांच्या रंगावरून भांडणं होतात आणि मग वंशवृक्षावरून. या खेपेला वृक्षाचं काम तुआइनेच्या गळ्यात पडलं. ऑकलंडच्या कचेरीत बाईचा जन्म गेलेला; कागदावाचून तिचा कशावर विश्वास म्हणून बसत नसे.

तिनं चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी चाळून पिढ्या जुळवल्या. स्वतःलाही सोडलं नाही: वडील तेरे, आई आकाइती. वाढवलं होतं तिला तेरेच्या बहिणीनं, रोंगोनं. पण नात्यातलं मूल मागून घेऊन आपलं म्हणून वाढवायची बेटावरची रीत तोंडी, तिची नोंद कोण करतो? तक्ता सभागृहाच्या भिंतीवर लागला. तेरेच्या फांदीला नावंच नावं, आणि रोंगोच्या खाली कोरं. ते तुआइनेला खुपलं. पण नोंद ती नोंद.

आकाइतीची धाकटी बहीण, तेउपोकोमावशी, तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली.

"हे कुणी केलं?"

"मीच, मावशी. चर्चमध्ये तसंच लिहिलंय."

"लिहिलंय म्हणे. अगं, तू पोटात असतानाच रोंगोनं तुला मागून ठेवलं होतं. मीच तुला उचलून तिच्या घरी नेलं. आकाइती मागोमाग आली आणि म्हणाली, 'आजपासून ही मला मामी म्हणेल.' समोरच्या घरात राहायची गं ती. तू पडलीस, रडलीस, तरी जागची हलायची नाही, रोंगोचा मान जाईल म्हणून. मरेपर्यंत शब्द पाळला तिनं. आणि तू?"

समोरच्या घरातल्या त्या मामीला तुआइने आयुष्यभर तुसडी समजत आली होती. आता तिला रडू आवरेना आणि स्वतःची लाजही वाटली. तिनं तेरेच्या खालचं आपलं नाव खोडलं आणि रोंगोच्या खाली ठळक लिहिलं.

मेळाव्यात एकेका फांदीला पुढे बोलावत होते. रोंगोचं नाव पुकारलं तशी तुआइने पिवळ्या झग्यात उठली, आणि तिच्यामागे तिची मुलं, सुना, नातवंडं. तेरेच्या फांदीतले लोक जरा चुळबुळले. तेवढ्यात तिची सख्खी बहीण मेतुआ त्यांच्यातून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सरका, वाट द्या. आमची आत्तेबहीण येतेय."