ऊन येणारी खोली

हॉस्पिटलच्या चादरी धुणारी ती बाई तळमजल्यावर राहायची. फुटक्या पाइपामुळे भिंतीला कायम ओल, आणि त्या ओलीनं पोरीचा दमा बळावलेला. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून तो घरीच. सरकारी ऑफिसात खेटे घालून तिच्या चपला झिजल्या, पण पाइप बघायला कुणी फिरकलं नाही.

वस्तीतल्या एका संघटनेची माणसं मात्र न बोलावता आली आणि दुपारपर्यंत नवा पाइप बसवून मोकळी झाली. मुरलेली ओल तेवढी भिंतीत राहिली. जाताना म्होरक्या म्हणाला, "ताई, बाहेरून आलेल्यांनी चांगल्या खोल्या बळकावल्या, म्हणून आपली लेकरं ओलीत झोपतात."

तिला पटलं असं नाही. पण वेळेला धावून आलं होतं कोण? ती सभांना जाऊ लागली, घोषणा देऊ लागली. नवऱ्याला त्यांनी गोदामावर पहारेकरी म्हणून चिकटवलं.

वरच्या मजल्यावर बायकोसोबत राहणारा घड्याळजी बाहेरून आलेलाच. बारीक कामाला उजेड लागतो म्हणून त्यानं मोठ्या खिडकीची खोली घेतली होती. ती कामाला गेली की पोरगी तिथंच उन्हात बसायची. "तुझ्या छातीतलं घड्याळ फारच टिकटिक करतं बुवा," असं म्हणून तो तिला हसवायचा.

एका संध्याकाळी म्होरक्या दारात उभा राहिला. "ताई, घड्याळजी आम्हाला दार उघडत नाही. तुम्ही हाक मारा. फक्त बोलायचंय."

"फक्त बोलणार ना?"

"हो तर."

नुसतं बोलायला एवढी माणसं आणि काठ्या कशाला, हे तिला दिसत होतं. तरी ती जिना चढली. "काका, मी आहे."

दार लगेच उघडलं. "पोरीला त्रास होतोय का?" त्यानं विचारलं, आणि तेवढ्यात तिला बाजूला सारून सगळे आत घुसले. टेबल खिडकीतून खाली गेलं. सकाळी डोक्याला पट्टी बांधून, बायकोला घेऊन तो निघून गेला.

ती खोली संघटनेनं हिलाच मिळवून दिली. पोरीचा खोकला खरंच कमी झाला, आणि तेच तिला सोसवेना. पोरगी शांत झोपली की ही तोंड फिरवून बसायची.

शेवटी शोधत शोधत ती बसस्टँडवर पोचली. फूटपाथवर खोकं मांडून तो घड्याळाचे पट्टे विकत होता. हात थरथरत होता, बारीक काम आता होण्यासारखं नव्हतं.

"काका, मला त्या दिवशी कळलं होतं ते कशाला आलेत."

त्यानं मान वर केली नाही. "पोरगी कशी आहे?"

"बरी आहे."

"तिला काय सांगितलंस?"

"तुम्ही गावाला गेलात म्हणून."

"तेच राहू दे. आणि परत इथं येऊ नकोस."

निवडणूक आली. संघटनेचाही उमेदवार उभा होता. या लोकांना मत द्यायचं नाही, असं ती रांगेत उभी असेपर्यंत स्वतःला बजावत होती. आत गेल्यावर डोळ्यांपुढे खालची ओली भिंत आली, आणि बोट त्यांच्याच चिन्हावर पडलं.

बाहेर नवरा थांबला होता. "दिलंस ना आपल्यांना?"

"दिलं," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता चालू लागली.