इलियाचा पहारा

रडारचं चित्र अडकलं होतं आणि ते आम्हाला उशिरा कळलं. पडद्यावर झ्लातिबोर डोंगराच्या बाजूला एक पिवळा ठिपका होता आणि तो जागचा हलत नव्हता. जूनमध्ये ढग हलत नसेल तर आमच्याकडे आनंदच असतो, म्हणून मी निवांत कॉफी ओतून घेतली. मग चित्राच्या कोपऱ्यातली वेळ दिसली. ती सकाळची होती आणि बाहेर दुपार कलली होती.

एवढ्यात फोन वाजला. मिलेन्का होती, खालच्या गावच्या ठाण्यावरून गारांच्या ढगांवर रॉकेट सोडणारी.

"अगं दुन्या, इकडं डोंगरामागून काळंकुट्ट येतंय. तुमचं यंत्र काय म्हणतंय?"

"यंत्र अडकलंय. बघते."

"बघते? रास्पबेरी पिकून लोंबतायत, बायका वाफ्यात उभ्या आहेत! दिशा आणि कोन सांग लवकर. का डोळे मिटून मारू?"

मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन त्या वसंतातच या टेकडीवर आले होते. रॉकेटांनी गारा खरंच थांबतात का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि माझंही मत अजून पक्कं नाही. पण ढगाच्या कोणत्या भागात रॉकेट सोडायचं ते रडारशिवाय कळत नाही, याबद्दल शंका नव्हती. खालचे पाच-सहा उतार लाल झाले होते. त्यातला एक रादिसावकाकांचा होता आणि मिलेन्का त्यांची भावजय.

रादिसावकाका हे यंत्र पहिल्यापासून सांभाळत आलेले. ते पायऱ्या चढून आत आले तेव्हा मला बिघाड सापडला होता. डिस्क भरली होती. नवं चित्र साठवायला जागा नव्हती, म्हणून रडारचा प्रोग्रॅम नवं चित्र काढतच नव्हता.

"जुने हंगाम पुसते," मी म्हणाले. "सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतलीय. उघडून पाहिलीय."

"पुसू नकोस. पुसता येत नाही ते."

"कोण म्हणतं?"

"ते स्वतःच म्हणतं! बघ हवं तर."

मी सर्वांत जुन्या हंगामाचं फोल्डर निवडून पुसायची कळ दाबली. लगेच पडद्यावर पिवळा त्रिकोण आला: ही सिस्टिम फाइल आहे, काढल्यास तुमचा संगणक नीट चालणार नाही, नक्की काढायची का? मी 'हो' म्हटलं. पुन्हा तोच त्रिकोण. पुन्हा 'हो'. पुन्हा तोच. एका हंगामाच्या पोटात दिवसादिवसाची फोल्डरं होती आणि प्रत्येक दिवस हाच प्रश्न विचारत होता. खाली 'सगळ्यांना हो' असं एक बटण होतं. मी तिकडे बाण नेला तर काकांनी माउसच उचलून धरला.

"काका, सोडा."

"पोरी, मी दरवर्षी पुसायला बसायचो आणि दरवर्षी हे मला अडवायचं. मी म्हटलं, यंत्र जीव तोडून सांगतंय तर कशाला हात लावा? तू आलीस आणि आल्या आल्या सगळ्यांना हो?"

"म्हणूनच डिस्क भरली."

"भरू दे. बंद पडलं तर काय करशील?"

"बंदच तर पडलंय!"

फोन पुन्हा वाजला. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तो वाजू दिला.

बटण दाबून मोकळं व्हायचा मोह होता. पण एक गोष्ट मला खटकत होती. ढगांच्या जुन्या चित्रांत सिस्टिम फाइल कशाला असेल? आणि तीही रोजच्या फोल्डरात? कळफलकावरूनच इशारा बंद करताना मी त्यातलं फाइलचं नाव वाचलं. डेस्कटॉप डॉट आयएनआय. प्रत्येक ठिकाणी हेच नाव. लपवलेल्या फाइली दाखवायला सांगून ती उघडली. आत जेमतेम दोन ओळी होत्या: या फोल्डरावर अमुक चित्र लावा, आणि त्या चित्राचा पत्ता.

तेव्हा कुठे मी ती फोल्डरं नीट पाहिली. इतके दिवस मला वाटत होतं की त्यांच्यावर लाल डाग आहे. तो रथ होता. अग्नीच्या रथातला संत इलिया, गडगडाटाचा स्वामी.

"काका, हा इलिया तुम्ही लावलात?"

काकांचे कान लाल झाले. "आमच्या घराचा संत आहे. रोज संध्याकाळी दिवसाचं फोल्डर बंद करताना लावतो. कुणी चुकून पुसू नये म्हणून."

"पण गारा तर हाच धाडतो ना? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्यात की!"

"ज्याच्या हातात गारा, त्यालाच सांगावं लागतं. तुला फिजिक्समध्ये हे नाही शिकवलं."

"हा इशारा त्याच्यामुळेच येतोय, काका. चित्र लावलं की यंत्र त्या फोल्डरात एक चिठ्ठी ठेवतं आणि त्या चिठ्ठीलाच सिस्टिम फाइल म्हणतं. ती काढली तर फक्त चित्र जाईल, यंत्राला काही होणार नाही."

काकांनी त्या दोन ओळी वाचून पाहिल्या. मला वाटलं पटलं. पण त्यांची अडचण वेगळी होती.

"म्हणजे इलिया कचऱ्याच्या टोपलीत जाणार?"

हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी आवरलं. संताची तसबीर जीर्ण झाली तरी इथं कुणी कचऱ्यात टाकत नाही. ती देवळात नेऊन देतात. माझ्या आजीनेही तेच केलं असतं. मी त्या चिठ्ठीतल्या पत्त्यावर गेले. तिथं मूळ चित्र होतं, एकच.

"हा बघा तुमचा इलिया. एकटाच आहे आणि इथंच राहणार. मी नुसत्या त्याच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या काढतेय. त्या टोपलीतही जाणार नाहीत, थेट पुसल्या जातील."

काकांनी चित्र जवळून पाहिलं. मग माउस खाली ठेवला.

"पण सगळ्यांना हो नको म्हणूस."

"नाही म्हणत."

मी आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडून एकच ओळ लिहिली: जुन्या हंगामांतल्या फक्त या नावाच्या फाइली काढ. एकामागून एक ओळी सरकत गेल्या आणि फोल्डरं रथ गमावून साधी पिवळी झाली. आता पुन्हा जुने हंगाम निवडले आणि पुसायची कळ दाबली. एकही प्रश्न न विचारता पुसलं जाऊ लागलं. बाहेर पहिला गडगडाट झाला. काकांनी क्रूसाची खूण केली.

आणि मध्येच पिवळा त्रिकोण आला.

माझं बोट सवयीने 'हो'वर गेलं होतं. नाव वेगळं होतं. मी 'नाही' म्हटलं आणि रडारच्या प्रोग्रॅमची सेटिंग्ज उघडली. अँटेना फिरवणाऱ्या कार्डाची ती फाइल होती. कोण्या दुरुस्तीवाल्याने कधीतरी ती जुन्या हंगामात ठेवून दिली होती आणि प्रोग्रॅम सुरू होताना तिथूनच ती वाचत होता. 'सगळ्यांना हो' म्हटलं असतं तर हीसुद्धा गेली असती.

"काय झालं?" काकांनी विचारलं.

"हा इशारा खरा आहे."

"बघ. एक तरी राखलंच इलियाने."

मी वाद घातला नाही. ती फाइल असलेला हंगाम घाईत तसाच सोडला, बाकीचे पुसले आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. अँटेना फिरली. पिवळा ठिपका गेला आणि त्याच्या जागी आमच्या डोक्यावर येऊ घातलेला, पोटात जांभळा झालेला ढग उमटला. आकाशात विमान नाही याची खात्री करून वरच्या कचेरीतून रॉकेटची परवानगी घेतली आणि मी फोन लावला.

"मेलात का सगळे?" मिलेन्का ओरडली.

"लिहून घे," मी म्हणाले, आणि दिशा व कोन सांगितला.

खिडकीतून रॉकेटांच्या रेघा वर जाताना दिसल्या. त्या दिवशी आमच्या उतारांवर मुसळधार पाऊस पडला आणि त्यात मऊ, बोटांत विरघळणारे थोडे कण. रॉकेटांमुळे की ढगच तसा होता, हे मला सांगता येणार नाही. रास्पबेरी झाडांवर राहिल्या एवढं मात्र मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहून आले. सगळी हकीकत ऐकून मिलेन्काने परडीभर दिल्या आणि वर ऐकवलं, "पुढच्या वेळी कॉफी नंतर पी."

परतले तेव्हा काका संगणकासमोर बसले होते. त्यांनी इलिया पुन्हा लावला होता, पण एकाच फोल्डरावर. अँटेनाची फाइल असलेल्या.

"आता तिथं इशारा आला तर खराच असेल ना?" त्यांनी विचारलं.

"खराच," मी म्हणाले, आणि ते फोल्डर सोडून तो उरलेला हंगाम पुसायला बसले.