पाणी निवायच्या आत

मित्रांनो, माझ्या काठावरून बोट फिरवलंत तर एका जागी ते हलकेच आत जाईल. तिथे पोचा आहे. तो घोड्याच्या लाथेचा, पण त्या घोड्यावर माझा राग नाही. मी एक जुनी तांब्याची परात आहे. वीतभर खोल, आणि दोन लहान मुली गुडघे मिटून बसतील एवढी मोठी. तलास नदीच्या खोऱ्यात, बर्फाच्या डोंगरांच्या पायाशी माझा जन्म गेला.

औलिये-आता नावाच्या गावच्या बाजारात तुर्सुन नावाच्या तांबटाने मला घडवलं. त्याच्या हातोडीला ताल होता. तीन ठोके जोरात, एक हळू. तीन जोरात, एक हळू. तो हळू ठोका मला फार आवडायचा. शेवटी त्याने आतून कल्हई केली आणि मला घेणाऱ्या बाईला बजावलं, "बाई, कल्हई असेतोवर ही आई. कल्हई गेली की सावत्र आई. मग हिच्यात अन्न ठेवू नका."

त्या बाईचं नाव मार्गारेटा. जर्मन बोलणाऱ्या, हातात शस्त्र न धरणाऱ्या आणि शास्त्राचा शब्द न् शब्द तोलून जगणाऱ्या लोकांपैकी ती. रशियाच्या झारच्या राज्यात लांबलांबून गाड्या हाकत ते या खोऱ्यात येऊन राहिले होते. मार्गारेटाला दोन मुली होत्या, थोरली युस्टिना आणि धाकटी आगनेटा. बाजारातून परतताना गाडीत बसायला जागा उरली नाही, म्हणून तिने दोघींना चक्क माझ्यात बसवलं. गुडघ्याला गुडघा लावून दोघी घरापर्यंत भांडत आल्या. माझ्या पोटात पडलेला तो पहिला आवाज.

मग कामाचे दिवस आले. जर्दाळू माझ्यात धुतले गेले, तान्ही बाळं माझ्यात न्हाली. दर शनिवारी माझ्यात पीठ मळलं जाई. या लोकांचा पाव दुमजली असतो, मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा. वरचा नीट दाबला नाही तर भट्टीत घरंगळून पडतो. दाबताना मार्गारेटा गुणगुणायची,

एका कणकेचे गोळे दोन, एक खाली, एक वर
भट्टीमधी थोर कोण? वास दोघांचा घरभर.

वर्षातून एक दिवस मात्र मला पिठाचं काम नसे. प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या शुक्रवारी मला राखेने घासून प्रार्थनाघरात नेत. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि तुम्हीही असंच करा म्हणून सांगितलं, ते हे लोक अक्षरशः पाळतात. पुरुष मोठ्या दालनात लाकडी बादली घेऊन बसत, बायका शेजारच्या खोलीत मला घेऊन. बाकावर जी शेजारी असेल तिचे पाय धुवायचे, पुसायचे, गळ्यात पडून 'शांती' म्हणायचं. मग सगळ्यांनी एका मेजाशी भाकर मोडून प्रभुभोजन घ्यायचं. युस्टिना आणि आगनेटा लग्नं झाल्यावरही बाकावर शेजारीच बसत. वडीलधारे कॉर्नेलियसकाका मंडळीला उपदेश करीत. ते म्हणायचे, "चाळीस वर्षं मी बोलतोय, पण माझ्यापेक्षा या परातीनं जास्त माणसं गप्प केली."

आणि अशा गावात पाण्यावरून फूट पडली.

तोवर बाप्तिस्मा देताना डोक्यावर तांब्याने पाणी ओतत. काही जणांना शास्त्र वाचता वाचता वाटू लागलं, की हे खरं नव्हे, माणूस नदीत पूर्ण बुडाला पाहिजे. गावाने लगेच नावं ठेवली, तांब्यावाले आणि नदीवाले. युस्टिना तांब्यावाली राहिली. आगनेटा नवऱ्यासोबत नदीवाल्यांत गेली.

तो शनिवार मला आठवतो. दोघींचे हात माझ्यात, कोपरापर्यंत पिठाने माखलेले.

"ताई, ओंजळभर पाण्यानं कुणाला पुरतात का? बाप्तिस्मा म्हणजे जुना माणूस मरून पुरला जाणं."

"आणि शास्त्रातला तो तुरुंगाचा अंमलदार? त्यानं रातोरात घरादारासकट बाप्तिस्मा घेतला. त्यानं अंगणात नदी आणली होती का?"

"तांब्या होता असं कुठं लिहिलंय?"

"नदी होती असं तरी कुठं लिहिलंय?"

इथवर दोघी हसत होत्या. मग आगनेटा म्हणाली, "आमच्यात ठरलंय ताई. ज्यांनी बुडी घेतली नाही, त्यांच्यासोबत यापुढे प्रभूची भाकर मोडायची नाही."

युस्टिनाचे हात थांबले. "म्हणजे आमचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे? मग आई? आई काय तशीच गेली?"

मार्गारेटाला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आगनेटाने खाली पाहिलं आणि पीठ मळत राहिली. मित्रांनो, त्या न बोलण्याचं वजन मी पेललं आहे. त्या दिवशीच्या पावांचे वरचे गोळे एकूण एक घरंगळले.

प्रार्थनाघरं दोन झाली. माझं काय करायचं? दुसऱ्या कुठल्या गावात माझ्यासाठी ओढाताण झाली असती. इथे उलटंच झालं. अंगरखा मागणाऱ्याला वरचा झगाही देऊन टाकावा, असं हे लोक शिकलेले. युस्टिनाने मला आगनेटाच्या उंबऱ्यावर ठेवलं, "तूच घे." दुसऱ्या दिवशी आगनेटाने मला युस्टिनाच्या उंबऱ्यावर ठेवलं, "थोरलीचा मान." नऊ वेळा माझी अशी ये-जा झाली. शेवटी दोघींच्या बागांमधल्या बांधावर मी टेकले आणि तिथेच राहिले. मला हात लावणं म्हणजे हक्क सांगणं, म्हणून कुणी हात लावीना. चार वर्षं मी उन्हात तापले, बर्फाखाली गाडले गेले. माझी कल्हई उडाली, अंगावर हिरवा गंज चढला.

सातीबाल्दी नावाचा किरगिझ मेंढपाळ तिथून जाता-येता माझ्यात साचलेलं पाणी घोड्याला पाजायचा. एकदा तो युस्टिनाला म्हणाला, "वहिनी, आमच्यात भांडण झालं की एकमेकांचे घोडे पळवतो. तुम्ही एकमेकांना भांडी देऊन भांडता. हे काही मला झेपत नाही."

"आम्ही भांडत नाही, सातीबाल्दी."

"तेच म्हणतो. भांडा एकदाच, आणि संपवा."

त्याच्या घोड्याने माझ्यातलं पाणी संपलेलं पाहून लाथ झाडली ती तेव्हाच. मला दुखलं, पण चार वर्षांत कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. राग कसा येईल?

पाचव्या वसंतात नदीवाल्यांनी ठरवलं, डोंगरापलीकडे वेगळं गाव वसवायचं. आगनेटाच्या दारात गाडी भरली जाऊ लागली. युस्टिना बांधापाशी उभी राहून पाही. पेटी चढली, पाळणा चढला. एकदा गाड्या खिंड ओलांडून गेल्या की धाकटी बहीण या जन्मी पुन्हा दिसेल, याचा भरवसा नव्हता.

कॉर्नेलियसकाका काठी टेकत घरोघर फिरले. "जायच्या आधी सणाच्या शुक्रवारी एकदा या. भाकर नका मोडू हवं तर, पण पाय धुवा. त्या वचनाबद्दल तरी आपलं दुमत नाही ना?" याला नाही म्हणणं कुणालाच जमेना.

शुक्रवारी सकाळी युस्टिना बांधावर आली. तिने मला उचललं आणि राख घेऊन इतकं घासलं, की तिची बोटं सोलवटली. त्यात तिला उशीर झाला. ती मला घेऊन जुन्या प्रार्थनाघरातल्या बायकांच्या खोलीत पोहोचली तेव्हा बाकावर एकच जागा उरली होती, आगनेटाशेजारी. मोठ्या दालनात पुरुषांचा वाद रंगात आला होता. एक जण वचन वाची, दुसरा त्यावर दुसरं वचन टाकी, जशा गंजीवर पेंढ्या टाकाव्यात.

युस्टिनाने माझ्यात ऊन पाणी ओतलं आणि गुडघ्यांवर बसली.

"पाय दे."

"राहू दे ताई. मी काय मानते ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक नाही. चार वर्षं मीच तुझ्या वतीनं माझ्याशी भांडतेय. आज तुझं म्हणणं मी सांगते. चुकले तर पाय काढून घे."

आगनेटाने पाय माझ्यात सोडले.

"तुझं म्हणणं असं," युस्टिना हळूहळू सांगू लागली, "की पाणी थोडं की फार, हा हिशेबच नाही. जुना माणूस मरतो, नवा उठतो. मेलेल्यावर मूठभर माती टाकून कुणी घरी येत नाही, पुरतं पुरावं लागतं. म्हणून पुरतं पाण्याखाली."

"होय. असंच."

"आणि जो तसा गेला नाही, तो प्रभूचा नाही."

छपकन आवाज झाला. आगनेटाने एक पाय वर घेतला होता. "हे मी कधी म्हटलं नाही."

"मग काय म्हणतेस?"

"त्यानं आज्ञा पुरी पाळली नाही, एवढंच. त्यानं तो परका होत नाही. पण मेजाशी एकत्र बसायची मला भीती वाटते ताई. माझ्या हातून चुकलं तर?"

"आणि आई?"

शेजारच्या बायकांनी हातातले पंचे खाली ठेवले.

"आई प्रभूची होती. मला कधी शंकाच नव्हती. तू विचारलंस तेव्हा रडू कोसळेल म्हणून बोलले नाही. आणि मग... मग बोलायला उशीर झाला."

तिने वर घेतलेला पाय आपणहून पुन्हा पाण्यात ठेवला. माझ्यात दोन थेंब पडले. ते कुणाचे होते, ते मी सांगणार नाही.

पाय पुसून झाल्यावर आगनेटा खाली बसली. "आता तुझं म्हणणं मी सांगते. आत्मा वरून ओतला जातो. माणूस आपल्या बळावर त्यात उडी मारत नाही, तो नुसता खाली उभा राहतो आणि घेतो. म्हणून पाणीही वरून."

"होय गं. हेच."

"आणि तुला थंड पाण्याची भीती वाटते."

"ते शास्त्रात नाही."

"नाही. पण खरं आहे."

बायका खळखळून हसल्या. तो प्रभूच्या मरणाचा दिवस, एरवी त्या शुक्रवारी कुणी हसत नाही. दालनातला वाद थांबला आणि कॉर्नेलियसकाका दारात आले. काय झालं ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि परत जाऊन म्हणाले, "बंधूंनो, आतल्या बाया आपल्या पुढे गेल्या. आता असं करा. जो वाकेल, त्यानं समोरच्याचं म्हणणं सांगायचं. समोरचा 'होय' म्हणेपर्यंत पाय पुसायचे नाहीत."

मित्रांनो, ते सोपं गेलं नाही. आगनेटाच्या नवऱ्याचं म्हणणं कुणाला धड सांगताच येईना. दोन तास त्याचे पाय बादलीत होते. पाणी गार पडलं, तो शिंकू लागला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "अरे, हा मुळात नदीवालाच आहे, बसू दे पाण्यात." तोही हसला, आणि मग त्याचं म्हणणं नीट ऐकलं गेलं.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "दोन्हीकडचे 'होय' मी ऐकले. समोरचा परका आहे, असं एकानंही म्हटलं नाही. मग घरच्या माणसाला जेवायला बाहेर कसं बसवाल?"

मग आगनेटा उठली आणि मेजाशी युस्टिनाशेजारी जाऊन बसली.

पाण्याचा निकाल त्या दिवशी लागला नाही, आणि पुढेही लागला नाही. प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे बाप्तिस्मा घ्यावा, मेज मात्र एक असावं, एवढं ठरलं. गाड्यांतलं सामान उतरवलं गेलं. सातीबाल्दीने मला घोड्यावर बांधून औलिये-आताला नेलं आणि तुर्सुनच्या मुलाकडून कल्हई करून आणली. "लाथ आमची होती," एवढंच तो म्हणाला. त्या शनिवारी वरचा एकही गोळा घरंगळला नाही. त्यानंतर दर वसंतात कुणीतरी नदीत बुडी घेई, आणि काठावर मेंढीचं उबदार कातडं पसरून उभी असे ती युस्टिना. दात वाजवत वर आलेल्याला ती गुंडाळून घेई आणि म्हणे, "झालं ना समाधान? आता घरी चल, रस्सा प्यायला."

दोघी बहिणी केव्हाच गेल्या. मी आता आगनेटाच्या नातीच्या घरी भिंतीवर टांगलेली आहे. पाहुणे मला छान म्हणतात, पण माझी कल्हई पुन्हा विरली आहे आणि पिठाचा स्पर्श होऊन कैक वर्षं झाली. मित्रांनो, माझ्यासारख्या भांड्याला नुसतं टांगून ठेवू नका. वेळच्या वेळी कल्हई करा, वापरा. आणि ज्याच्याशी तुमचं पटत नाही, त्याचं म्हणणं एकदा तुमच्या तोंडून त्याला सांगून पाहा. तो 'होय, हेच' म्हणेपर्यंत उठू नका. मला भिंतीवरून खाली काढायला लाजू नका. पाणी तेवढं ऊन आणा, आणि ते निवायच्या आत बोला.